पायातील पेरोनियल मज्जातंतू : त्याची रचना, कार्य व शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

बैल विकत घेताना आपण त्यास चार पावले चालवून पाहतो. खूर कसा टेकतो, मागचा पाय ओढतो की काय, उठताना कोणत्या अंगावर भार देतो, हे नजरेखालून घातल्यावाचून जाणता शेतकरी बैलाच्या कासऱ्यास हात लावीत नाही. परंतु अशी परीक्षा स्वतःच्या, अथवा आपल्या शेतात राबणाऱ्या माणसांच्या पायांची कोणी करितो असे आमच्या पाहण्यात नाही. आम्हीही ती कधी केली नव्हती. गेल्या रब्बीत आमच्या डाव्या पावलाने आज्ञा मानण्याचे नाकारले, तेव्हा हा विषय समजून घेणे आम्हास भाग पडले. जे समजले ते शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल अशी खात्री वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

मज्जातंतू म्हणजे काय

आपल्याकडे रक्ताची वाहिनी, स्नायूचा बंध व मज्जातंतू या तिहींस सरसकट 'शीर' म्हणण्याचा प्रघात आहे व त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. मज्जातंतूतून रक्त वाहत नाही. त्यातून निरोप जातात. मेंदूचा व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा हुकूम स्नायूंकडे जातो, आणि कातडीस काय लागले, टोचले, भाजले याची वर्दी उलट वाटेने वर येते. एका मज्जातंतूत हजारो बारीक धागे असतात. त्यांपैकी पुष्कळांवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते व त्यामुळे निरोप वेगाने धावतो. हे वेष्टन बिघडले तर धागा शाबूत असूनही निरोप वाटेतच अडतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पेरोनियल मज्जातंतूचा मार्ग

कमरेच्या मणक्यांतून व त्याखालील त्रिकास्थीतून निघणारे अनेक फाटे मिळून सायाटिक नावाचा मज्जातंतू होतो. शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू तो हाच. कुल्ल्यामागून मांडीच्या मागच्या अंगाने तो खाली उतरतो, आणि बहुधा गुडघ्याच्या लवणीच्या थोडा वर त्याचे दोन भाग होतात. कालव्याचे दोन पाट व्हावे तसाच हा प्रकार आहे. एक पाट मधोमध, खोल मांसातून पोटरीकडे व तळपायाकडे जातो. त्यास टिबियल म्हणतात. दुसरा बाहेरच्या अंगास वळतो. तो कॉमन पेरोनियल, म्हणजे आपल्या लेखाचा विषय. १९९८ साली शरीररचनेच्या शब्दांची आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली, तीत यास 'फिब्युलर' हे नाव पसंत केले आहे. तथापि डॉक्टरांच्या तोंडी जुने नाव अद्याप आहे. नावे दोन असली तरी वस्तू एकच.

वाचकांनी आता स्टुलावर बसून गुडघा वाकवावा व गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या अंगास बोट लावावे. तेथे हाडाचा एक गोल उंचवटा लागेल. पायाच्या खालच्या भागात दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड शरीराचा बहुतेक भार वाहते; त्याच्या बाहेरून गेलेले काडीसारखे बारीक हाड म्हणजे फिब्युला. हाती लागलेला उंचवटा हे त्या फिब्युलाचे डोके होय. डोक्याच्या लगेच खाली जी निमुळती मान आहे, तिला मागून पुढे वळसा घालून आपला मज्जातंतू जातो. बोट हळूच मागेपुढे फिरविल्यास पुष्कळांना तो दोरीसारखा सरकताना कळतो, आणि किंचित दाबल्यास पावलाच्या वरच्या बाजूस मुंग्या येतात. जोराने दाबून पाहू नये.

मानेला वळसा घातल्यावर तो स्नायूंत शिरतो व त्याच्या दोन मुख्य शाखा होतात. खोल शाखा नडगीच्या पुढच्या स्नायूंत उतरते. वरवरची शाखा बाहेरच्या अंगाच्या स्नायूंतून जाऊन पुढे कातडीकडे येते.

कार्य

खोल शाखेचे काम पाऊल व बोटे वर उचलण्याचे. चालताना मागचा पाय पुढे येतो त्या क्षणी चवडा जमिनीपासून जेमतेम बोटभर उंच असतो. तेवढी उंची या शाखेच्या स्नायूंमुळे मिळते. टाच टेकल्यावर पाऊल फटकन न आपटता हळूहळू खाली ठेवणे, हेही त्यांचेच काम. अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील लहानशी जागा एवढीच कातडीची हद्द या शाखेकडे आहे.

वरवरच्या शाखेचे स्नायू पावलाची बाहेरची कड वर उचलतात. बांधाच्या उतारावरून, नांगरटीच्या ढेकळांतून चालताना घोटा आत मुरगळत नाही तो बऱ्याच अंशी यांच्या आधाराने. नडगीच्या खालच्या भागाची बाहेरची कातडी व पावलाची बहुतेक वरची बाजू यांची वर्दी हीच शाखा वर पोहोचविते. तळपायाची वर्दी व पोटरीचा जोर मात्र दुसऱ्या पाटाकडे, म्हणजे टिबियलकडे आहे. हा भेद रोग ओळखताना फार उपयोगी पडतो.

हाच मज्जातंतू का दुखावतो

टिबियल मज्जातंतू मांसाच्या गादीत सुरक्षित असतो. पेरोनियल मात्र फिब्युलाच्या मानेवर नुसत्या कातडीखाली असतो. आत हाड, बाहेर कातडी, मध्ये तो. शिवाय तो वर कुल्ल्यापाशी व खाली या मानेपाशी बराचसा जखडलेला असल्याने ताण आल्यास बाजूस सरकावयास जागा थोडी. त्याच्या धाग्यांभोवती मऊ भरावही टिबियलच्या मानाने कमी असतो.

माणूस उकिडवा बसला म्हणजे गुडघा पुरता मिटतो. मांडीच्या मागून येणारी बाहेरची कंडरा ताठ होते, आणि तिच्या व हाडाच्या मध्ये मज्जातंतू चेपला जातो. दाबामुळे त्याचा रक्तपुरवठा घटतो. थोड्या वेळाने पायास मुंग्या येतात, तो त्याचा पहिला इशारा. माणूस उठला की दाब सुटतो व मुंग्या जातात. परंतु खुरपणीची पात संपवावयाची म्हणून इशारा न मानता तासचे तास तसेच बसले, तर धाग्यांवरील वेष्टन बिघडते आणि निरोप जाण्याचे थांबते. अमेरिकेत स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा विकार आढळल्यावरून १९८० साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात त्यास 'स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा' असे नावच दिले गेले. आपल्याकडे खुरपणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे, कांद्याची लागण, गाईम्हशींची धार काढणे ही सर्व कामे उकिडवे बसूनच होतात, हे सांगावयास नको.

याखेरीज अन्य कारणे आहेत. फिब्युलाच्या मानेपाशी हाड मोडणे; गुडघा निखळणे; कोयत्याचा घाव त्या जागी बसणे; प्लास्टरची वरची कड रुतणे; पायावर पाय टाकून फार वेळ बसण्याची सवय; आजारी वा बेशुद्ध माणसाचा पाय खाटेच्या कडेवर बराच वेळ पडून राहणे. दीर्घ आजाराने वा उपासाने अंग झपाट्याने वाळले म्हणजे त्या जागेची थोडीबहुत चरबीही जाते, व मग अल्प दाबही बाधतो. सर्पदंशावर गुडघ्याखाली करकचून दोरी आवळण्याची जी जुनी रीत आहे, तिनेही मज्जातंतूस व रक्तप्रवाहास इजा होते. ती रीत आजच्या वैद्यकास मान्य नाही. पाय न हलविता रोग्यास तात्काळ रुग्णालयात नेणे हाच मार्ग.

दोन पावले

आमचा प्रकार असा घडला. कांद्याच्या वाफ्यांत खुरपणीस माणसे कमी पडली, म्हणून आम्ही स्वतः खुरपे घेऊन बसलो. जन्म लेखणीच्या कामात गेलेला. बायांच्या बरोबरीने पात लावण्याच्या हट्टाने सुमारे तीन तास उठलो नाही. उठलो तेव्हा डाव्या पायातील चप्पल जागीच राहिली. पाय बधिर झाला असेल म्हणून चालू लागलो, तो बांधावर चवडा अडकून पडलो. दुसऱ्या दिवशीही पाऊल लोंबतेच. कोणी म्हणाले वारे गेले, कोणी म्हणाले लकवा. एकाने गरम तेलाने रगडून दिले, एकाने सुई टोचली. यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी प्रथम विचारले, "किती वेळ उकिडवे बसला होता?" मग गुडघ्याबाहेरील त्या जागी बोट ठेवले व दोन्ही पायांची तुलना केली. पुढे अंगावर कोठे फिकट अथवा बधिर चट्टा आहे काय, म्हणून सदरा काढावयास सांगितले. या शंकेचा आम्हास क्षणभर राग आला. तो किती गैरवाजवी होता हे लवकरच कळले.

पायास आधाराची पट्टी बांधून आम्ही पुन्हा शेतावर गेलो, तेव्हा आमच्या वाफ्यांत वर्षानुवर्षे खुरपणारी एक बाई पट्टीकडे पाहत राहिली व हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचं बी पाऊल पडलं व्हय? माझं दोन दिवाळ्या झाल्या असंच हाय. सांगितलं तर टोळीतनं काढत्याल, म्हणून बोलले न्हाई."

तिचे पाऊल आम्ही पाहिले नव्हते असे नाही. त्याच हंगामात आम्ही तिला दोनदा दटावले होते, "पाय उचलून टाक, रोपे तुडवू नकोस." जो पाय उचलतच नव्हता तो उचलावयास आम्ही सांगत होतो.

तिला त्याच डॉक्टरांकडे नेले. तिच्या गुडघ्याबाहेरील मज्जातंतू जाड झालेला होता व मांडीवर हातभर अंतरावरून न दिसणारा एक फिकट चट्टा होता, ज्यास कापसाचा स्पर्श कळत नव्हता. तिचा रोग कुष्ठरोग ठरला. १८७३ साली नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी ज्याचे जंतू दाखविले तो हा रोग मज्जातंतूंवर घाला घालतो, आणि शरीराचा जो भाग थंड असतो तेथे त्या जंतूंचा जोर अधिक. कातडीलगतची फिब्युलाची मान ही त्यांपैकीच एक जागा. म्हणजे मज्जातंतू तोच, ठिकाण तेच, लोंबते पाऊल तेच. कारण मात्र निराळे.

१९८२ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेने यावर एकाहून अधिक औषधांचा एकत्र उपचार सुचविला आहे. सरकारी दवाखान्यात तो विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा अथवा बारा महिने घ्यावा लागतो, व तो सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस संसर्गाचे भय राहत नाही. भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले; परंतु त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, एवढाच होता. नवे रोगी आजही सापडतात. पाऊल पडून सहा महिन्यांच्या आत रोगी आला तर योग्य औषधाने मज्जातंतू पुष्कळदा सावरतो. आमची बाई दोन वर्षांनी गेली.

ओळख कशी करावी

पुढील परीक्षा घरी करण्याजोगी आहे. (१) खुर्चीवर बसून टाच जमिनीस टेकलेली ठेवावी व चवडा वर उचलावा. दोन्ही पावले सारखी उठतात काय पाहावे. (२) टाचांवर दहा पावले चालून पाहावे. (३) अंगठ्याच्या बेचक्यात व पावलाच्या वर कापूस फिरवून स्पर्श कळतो काय पाहावे. (४) चालणाऱ्याने गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलून पाऊल आपटल्यासारखे टाकले, अथवा एकाच पायाच्या चपलेचा पुढचा भाग झिजला, तर ती खूण समजावी.

लोंबते पाऊल प्रत्येक वेळी गुडघ्यापाशीच बिघडलेले असते असे नाही. कमरेच्या मणक्यातील चकती सरकून तेथील मुळावर दाब आला तरी पाऊल पडते. परंतु त्यात बहुधा कंबर दुखते, कळ मांडीतून उतरते, व पाऊल आतल्या अंगास वळविण्याची शक्तीही कमी होते. पेरोनियल बिघडला असता ती शक्ती शाबूत राहते, कारण तो स्नायू टिबियलच्या पाटावर आहे. हात व तोंडही त्याच बाजूस लुळे पडले, तर दोष मेंदूत आहे असे समजून घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. मार लागल्यावर नडगी दगडासारखी घट्ट होऊन असह्य कळा येऊ लागल्या, तरीही तसेच. मधुमेह असल्यास तो डॉक्टरांस अवश्य सांगावा.

उपचार

इंग्लंडमधील शल्यवैद्य सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या दुखापतीचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात धागे शाबूत, केवळ निरोप अडलेला. हा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत बहुधा आपोआप बरा होतो. दुसऱ्यात आतील धागे तुटतात पण बाहेरील आवरण टिकते. धागे पुन्हा वाढतात, परंतु दिवसास सुमारे एक मिलीमीटर, म्हणजे महिन्यास जेमतेम एक इंच. तिसऱ्यात मज्जातंतू समूळ तुटतो. तेथे शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. यास्तव कोयत्याच्या घावानंतर पाऊल उचलेनासे झाले तर केवळ कातडी शिवून समाधान मानू नये. मज्जातंतू तपासून घ्यावा.

दाबाने झालेल्या दुखापतीत मुख्य उपचार म्हणजे दाब काढणे. उकिडवे बसणे व पायावर पाय टाकणे पूर्ण बंद. पाऊल काटकोनात धरणारी पट्टी वापरावी, नाहीतर पडण्याचे भय असते. टाचेमागची कंडरा आखडू नये म्हणून दिवसातून अनेक वेळा हाताने चवडा वर ओढून धरावा. बधिर पावलास काटा वा निखारा लागल्याचे कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेले पादत्राण घालावे व रोज रात्री पाऊल न्याहाळावे. दुखऱ्या जागी रगडणे किंवा शेकणे नको. तीन-चार महिन्यांत सुधारणेचे चिन्ह न दिसल्यास मज्जातंतूची विद्युत्परीक्षा करून शल्यवैद्याचा सल्ला घ्यावा. आमचा अंगठा सातव्या आठवड्यात हलला. तीन महिन्यांनी पट्टी सुटली.

जे पाऊल उशिरामुळे सुधारण्यापलीकडे गेले, त्याच्यासाठीही मार्ग आहे. टिबियलच्या पाटावरील जो स्नायू पावलास आत वळवितो, त्याची कंडरा सोडवून पावलाच्या वर आणून बसवितात. एका पाटाचे पाणी आटले असता दुसऱ्या पाटाची चारी त्या वाफ्याकडे फिरवावी, तशीच ही युक्ती. पुढे व्यायामाने तो स्नायू नवे काम शिकतो. आमच्या बाईची हीच शस्त्रक्रिया ठरली आहे.

जनावरांविषयी दोन शब्द

हा मज्जातंतू गुराढोरांसही आहे व त्यांच्याही मागच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास तो उघडाच असतो. व्याल्यानंतर दुग्धज्वराने किंवा अन्य कारणाने गाय कठीण जमिनीवर एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिली, तर तिच्याच वजनाने तो चेपतो. मग गाय उठली तरी खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडतो व खुराची पुढची बाजू जमिनीस घासते. म्हणून बसकण घेतलेल्या जनावराखाली गवताची वा वाळूची जाड गादी करावी, दिवसातून अनेक वेळा कूस बदलावी, व पशुवैद्यास लगेच बोलवावे.

खबरदारी

गाईखाली गादी करण्यास आपण चुकत नाही. माणसाविषयी तीच दक्षता ठेवावी. खुरपणाऱ्यांस बसावयास वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा किंवा पाट द्यावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सर्वांनी उठून चार पावले चालावे, असा नियम शेतमालकानेच घालावा. मजूर आपण होऊन उठत नाही, कारण उठला तर तो अंगचोर ठरतो. जेथे ओळी सरळ आहेत तेथे लांब दांड्याचे कोळपे वापरावे. धार काढण्यास बुटका स्टूल ठेवावा. पायास मुंग्या आल्या की तोच उठण्याचा हुकूम समजावा.

सर्वांत महत्त्वाचे हे की, कामावरील माणसाची चाल बदलली असता त्यास रागे न भरता जवळ बसवून विचारावे, व रोगाच्या नावाने त्याचे काम जाणार नाही अशी हमी प्रथम द्यावी. ती हमी आमच्या बाईस दोन वर्षांपूर्वी मिळाली असती, तर तिचे पाऊल औषधानेच सुधारण्याचा संभव होता. हल्ली ती आमच्याच वाफ्यांत ठोकळ्यावर बसून खुरपते. शस्त्रक्रियेनंतर तिला जितके दिवस बसून राहावे लागेल तितक्या दिवसांची मजुरी आम्ही देणार आहोत. वाचकांनी आज सायंकाळी घरातील सर्वांस, व उद्या शेतावरील माणसांस, टाचांवर दहा पावले चालवून पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.